मोडण्याचे शास्त्र : पेशीतील प्रथिनांचे विघटन आणि पुनर्वापर

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी जीवरसायनशास्त्र विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाचा मान या वर्षी आमच्या विभागास मिळाला, याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे ऋणी आहोत. आमचा विभाग इमारतीच्या एका टोकाला आहे. रुग्णाची आणि आमची प्रत्यक्ष गाठ क्वचितच पडते; त्याचे रक्त आणि लघवी मात्र रोज आमच्याकडे येते. त्या नमुन्यांत आम्ही जो युरिया मोजतो, तो म्हणजे शरीरात प्रथिने मोडली गेल्यावर मागे उरलेल्या नत्राचा हिशेब असतो. हे मोडण्याचे काम कसे चालते, ते बिघडले म्हणजे कोणते आजार होतात, आणि आपल्या वॉर्डांतील रुग्णांशी त्याचा काय संबंध आहे, एवढाच आजचा विषय.

प्रथिने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बांधणी येते. शाळेच्या पुस्तकांत त्यांना शरीराच्या विटा म्हटलेले असते. ही उपमा मुलांना समजावयास सोपी असली, तरी ती दिशाभूल करते असे आमचे मत आहे. भिंतीत बसवलेली वीट पन्नास वर्षे तेथेच राहते. शरीरातील प्रथिनांचे तसे नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळपास तेवढीच नव्याने घडवली जातात. आहारातून मात्र बहुतेकांना ५० ते ७० ग्रॅम प्रथिनेच मिळतात. मग उरलेला माल येतो कोठून? तो मोडलेल्या प्रथिनांतूनच येतो. पूर्वी घरातील फुटकी, चेपलेली तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन नवी घेण्याची रीत होती. धातू तोच, भांडे नवे. पेशीचा व्यवहारही असाच चालतो. प्रथिन मोडून अमायनो आम्ले सुटी होतात आणि त्यांतील बहुतेक पुन्हा नव्या प्रथिनांच्या कामी येतात.

हे आज आपण सहज बोलतो; परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शास्त्रज्ञांची समजूत वेगळी होती. शरीर हे यंत्र आणि अन्न हे त्याचे इंधन. यंत्राची थोडी झीज होते, ती भरून काढण्यापुरती प्रथिने खर्ची पडतात आणि बाकीची जळून जातात, असे मानले जाई. या समजुतीला धक्का दिला रुडॉल्फ शोनहायमर यांनी. हे जर्मनीतील ज्यू शास्त्रज्ञ. १९३३ साली त्यांना मायदेश सोडावा लागला आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तेथे हॅरल्ड युरी यांच्याकडून त्यांना नत्राचे जड समस्थानिक उपलब्ध झाले. सामान्य नत्रासारखेच वागणारे, पण वजनावरून ओळखू येणारे हे नत्र त्यांनी ल्युसिन या अमायनो आम्लात घातले आणि ते उंदरांना खाऊ घातले. उंदीर पूर्ण वाढलेले होते, त्यांचे वजन स्थिर होते. जुनी समजूत खरी असती, तर हे नत्र लघवीवाटे लगोलग बाहेर पडावयास हवे होते. प्रत्यक्षात तीन दिवसांनंतर त्यातील निम्म्याहून अधिक नत्र उंदरांच्या शरीरातील प्रथिनांत जाऊन बसलेले आढळले. वजन तर वाढलेले नव्हते. म्हणजे जेवढे नवे आत आले, तेवढे जुने निघून गेले होते. शोनहायमर १९४१ साली निवर्तले. त्यांची व्याख्याने १९४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बाहेरून स्थिर दिसणारे शरीर आतून अखंड बदलत असते, हे त्यानंतर कोणी नाकारू शकले नाही.

सर्वच प्रथिनांचे आयुष्य मात्र सारखे नसते. काही प्रथिने दहा-वीस मिनिटांत मोडली जातात. पेशीचे विभाजन नियंत्रित करणारी अनेक प्रथिने या वर्गातील. तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन सुमारे १२० दिवस टिकते. आणि काही प्रथिने जन्मभर बदलली जात नाहीत. त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्या डोळ्यातच आहे.

डोळ्याच्या भिंगातील तंतुपेशी पारदर्शक राहाव्यात म्हणून परिपक्व होताना आपले केंद्रक आणि इतर बहुतेक अंतर्गत अवयव टाकून देतात. प्रकाशाला अडथळा होऊ नये यासाठी ही योजना. पण त्याची किंमत अशी की, त्या पेशींना नवे प्रथिन घडवता येत नाही. भिंगाच्या गाभ्यातील क्रिस्टलिन ही प्रथिने आपण मातेच्या उदरात असताना घडलेली असतात आणि सत्तराव्या वर्षी आपण त्याच प्रथिनांतून जग पाहत असतो. ऊन, साखर, प्राणवायू यांचे घाव त्यांच्यावर वर्षानुवर्षे साठत जातात. बिघडलेल्या प्रथिनांना सावरून धरणारे अल्फा-क्रिस्टलिन काही दशके हा भार वाहते. ते अपुरे पडले की प्रथिनांचे गठ्ठे होतात आणि भिंग गढूळ होते. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. नेत्रशिबिरात शस्त्रक्रियेनंतर पट्टी काढली जाते, तेव्हा खरे तर जे काम ती पेशी साऱ्या आयुष्यात करू शकली नाही, ते शल्यचिकित्सकाने बाहेरून केलेले असते. मधुमेह्यांना मोतीबिंदू लवकर का होतो, याचा एक धागाही येथेच सापडतो.

आता पेशी ही मोड कोठे आणि कशी करते, ते पाहू. पेशीत यासाठी मुख्यतः दोन व्यवस्था आहेत.

पहिलीचा शोध बेल्जियममधील लूव्हाँ येथे क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी लावला आणि तो लागला आडवळणाने. ते इन्शुलिनचा यकृतावरील परिणाम अभ्यासत होते. यकृताच्या पेशी कुटून तयार केलेल्या ताज्या द्रावणात आम्ल फॉस्फटेज हे विकर त्यांना अपेक्षेपेक्षा फारच कमी आढळले. तेच द्रावण काही दिवस शीतकपाटात राहिले आणि पुन्हा तपासले, तेव्हा विकराची क्रिया भरपूर वाढलेली दिसली. दुसऱ्या कोणी हा आकडा वहीत लिहून सोडून दिला असता. द ड्यूव्ह यांनी तर्क केला की हे विकर एखाद्या पिशवीत बंद असले पाहिजे आणि पिशवी झिरपू लागल्यावर ते बाहेर आले असले पाहिजे. १९५५ साली त्यांनी या पिशवीला लायसोसोम असे नाव दिले. तिच्या आतील द्रव आम्लधर्मी असतो आणि तेथील विकरे त्या आम्लातच नीट काम करतात. पिशवी चुकून फुटली तरी बाहेरच्या वातावरणात ती मंदावतात. ही निसर्गाने ठेवलेली खबरदारीच म्हणावयाची. १९७४ साली द ड्यूव्ह यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पेशी आपल्याच अंगातील एखादा भाग पटलात गुंडाळून या पिशवीकडे पाठवते. या क्रियेला द ड्यूव्ह यांनी १९६३ साली ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. त्यापुढे तीस वर्षे हा विषय जवळजवळ पडून राहिला. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी तो उचलला आणि त्यासाठी साधे यीस्ट निवडले. मोडणारी विकरे नसलेले यीस्ट त्यांनी उपाशी ठेवले. आत आलेला माल मोडला न जाता साठत गेला आणि काही तासांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला. ज्यांच्यात हा माल साठत नाही असे यीस्ट शोधून त्यांनी १९९३ साली या क्रियेस आवश्यक असलेली पंधरा जनुके निश्चित केली. २०१६ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ही क्रिया किती मूलभूत आहे, हे समजण्यासाठी प्रसूतिकक्षातील एक क्षण आठवावा. नाळ कापली की बाळाला वारेतून मिळणारे पोषण एकाएकी थांबते. स्तनपान नीट सुरू होईपर्यंतचे काही तास ते बाळ वस्तुतः उपाशी असते. उंदराच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, जन्मानंतर लगेच त्यांच्या हृदयात, स्नायूंत, फुप्फुसांत ऑटोफॅजी जोराने सुरू होते आणि पेशी आपलीच प्रथिने मोडून तो काळ निभावतात. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवले की, यासाठी लागणारे एक जनुक काढून टाकलेली पिले जन्मतः जवळपास सामान्य दिसतात, परंतु एका दिवसाच्या आत मरतात. स्तनपान पहिल्या तासात सुरू करावे, असा आमच्या परिचारिका भगिनींचा जो आग्रह असतो, त्याला अनेक कारणे आहेत. त्यांत हेही एक जोडावे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. २०१६ नंतर उपवास आणि ऑटोफॅजी यांविषयी इतके बोलले जाऊ लागले आहे की, एकादशीच्या दिवशी आम्हांस हमखास प्रश्न विचारला जातो. अन्न नसताना ही क्रिया वाढते, हे खरे. इन्शुलिन आणि अमायनो आम्ले तिला आवर घालतात, हेही खरे. परंतु साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण घेतल्यावर इन्शुलिन वाढल्यावाचून राहत नाही. तो उपवास देवाला चालत असेल, पेशीला कळत नाही. आणि प्राण्यांमधील प्रयोगांवरून माणसाने किती तास उपाशी राहावे, हे ठरवता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना निर्जळी करणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. श्रद्धेचा प्रश्न वेगळा. त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही.

दुसऱ्या व्यवस्थेचा शोध एका कोड्यातून लागला. प्रथिन मोडण्यासाठी ऊर्जा लागण्याचे कारण नाही. आपल्या जठरात डाळ पचते, तेव्हा तेथील विकरांना ऊर्जा पुरवावी लागत नाही. असे असताना १९५३ साली मेल्विन सिम्पसन यांनी यकृताच्या चकत्यांवर प्रयोग करून दाखवले की, पेशीचा ऊर्जापुरवठा तोडला तर तिच्या आतील प्रथिनांचे विघटनही मंदावते. घडवण्यास खर्च यावा हे समजते. मोडण्यास खर्च कशासाठी? पुढे १९७७ साली हार्वर्डमध्ये आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या रक्तपेशींच्या अर्कात लायसोसोमचा हात नसतानाही सदोष प्रथिने भराभर मोडली जातात, आणि त्यासाठीही ऊर्जा लागते.

हे कोडे सोडवले इस्रायलमधील हायफा येथील अव्राम हेर्शको आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चिखानोव्हर यांनी, फिलाडेल्फिया येथील अर्विन रोज यांच्या सहकार्याने. हेर्शको आणि चिखानोव्हर हे दोघेही मूळचे वैद्यकीय पदवीधर, ही गोष्ट आमच्या तरुण निवासी डॉक्टरांनी लक्षात ठेवावी. त्यांनी त्या अर्काचे दोन भाग केले. प्रत्येक भाग एकटा असता निष्क्रिय. दोन्ही एकत्र केले की विघटन सुरू. एका भागातील क्रियाशील घटक उकळले तरी टिकणारे एक छोटे प्रथिन निघाले. १९८० साली त्यांनी दाखवले की, हे छोटे प्रथिन मोडावयाच्या प्रथिनाला पक्क्या रासायनिक बंधाने जोडले जाते, तेही एक नव्हे, अनेक. म्हणजे ती एक खूण होती. जंगलात तोडावयाच्या झाडावर आधी हातोड्याने शिक्का मारतात, तशी. आणि ऊर्जा लागते ती मुख्यतः हा शिक्का मारण्यासाठी आणि शिक्का मारलेले प्रथिन उलगडून यंत्रात ओढण्यासाठी. तोडण्याच्या कामासाठी नव्हे. थोड्याच दिवसांत लक्षात आले की, हे छोटे प्रथिन पूर्वीच ठाऊक असलेले युबिक्विटिन आहे. ते अवघ्या ७६ अमायनो आम्लांचे आहे आणि माणसाचे व यीस्टचे युबिक्विटिन यांत केवळ तीन जागी फरक आहे. शेकडो कोटी वर्षांत निसर्गाने ज्याला हात लावला नाही, ते किती महत्त्वाचे असेल, याची कल्पना यावरून करता येते. या तिघांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्का मारण्याचे काम तीन विकरांच्या साखळीने होते. पहिले युबिक्विटिनला ऊर्जा देऊन सज्ज करते, दुसरे त्याला वाहून नेते आणि तिसरे, ज्याला लायगेज म्हणतात, नेमके कोणते प्रथिन मोडावयाचे ते ओळखून त्यावर ते बसवते. माणसात पहिल्या प्रकारची विकरे दोन, दुसऱ्या प्रकारची चाळीसच्या आसपास आणि तिसऱ्या प्रकारची सहाशेहून अधिक आहेत. निवडीची सारी अक्कल या तिसऱ्या पायरीवर साठवलेली आहे.

शिक्का बसलेले प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या यंत्रात जाते. हे एक पोकळ नळकांडे असते; प्रत्येकी सात घटकांची चार कडी एकावर एक रचलेली. कापणारी धार नळकांड्याच्या आत असते, त्यामुळे येणारेजाणारे प्रथिन चुकून कापले जात नाही. तोंडाशी बसलेली टोपी शिक्का तपासते, प्रथिनाची गुंडाळी सोडवते आणि ते आत सरकवते. दुसऱ्या टोकाने छोटे तुकडे बाहेर पडतात व पुढे त्यांची अमायनो आम्ले होतात. युबिक्विटिन मात्र आत जात नाही. ते दाराशीच सोडवून घेतले जाते आणि पुन्हा वापरले जाते. शिक्कासुद्धा वाया जाऊ द्यावयाचा नाही, इतकी ही काटकसर आहे.

जी व्यवस्था निवड करते, तिची निवड कोणी फितवली तर? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हेच घडते. आपल्या प्रत्येक पेशीत पी-५३ नावाचे एक रक्षक प्रथिन असते. जनुकांना इजा झाली की ते पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरण पत्करावयास लावते. एरवी पेशी त्याला थोड्या थोड्या मिनिटांनी मोडत असते, कारण असा कठोर रक्षक विनाकारण जागा ठेवणे परवडत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे घातक प्रकार पेशीत शिरले की ई-६ नावाचे एक प्रथिन तयार करतात. हे ई-६ पेशीच्याच एका लायगेजला हाताशी धरते आणि पी-५३वर मोडण्याचा शिक्का मारवून घेते. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी हे उघड केले. रक्षकाचा नाश घरच्याच यंत्रणेकडून होतो आणि पेशी बेबंद वाढू लागते.

भारतात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आणि तो टाळता कसा येईल, याचा एक अत्यंत महत्त्वाचा पुरावा आपल्याच महाराष्ट्राने जगाला दिला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या व वरील संस्थेच्या साहाय्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच या विषाणूची तपासणी आणि आवश्यक तेथे उपचार झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेतमजुरी करणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचून, खेड्यापाड्यांतून हे काम झाले. २०२२ साली पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीलाही मान्यता मिळाली. ज्ञान आहे, लस आहे, तपासणी आहे. तरीही उशिरा येणाऱ्या भगिनींची संख्या पाहिली की मन विषण्ण होते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात पतीला किंवा सासूला घेऊन येणाऱ्या तिशीपुढील प्रत्येक स्त्रीला, तुमची तपासणी झाली आहे का, एवढे विचारण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी.

उलट दिशेने, या यंत्राला मुद्दाम अडवून औषधही करता येते. अस्थिमज्जेतील प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मायलोमा. या पेशी प्रथिनांचे कारखानेच. त्यामुळे सदोष मालही भरपूर निघतो आणि तो हलवण्याचा ताण प्रोटिअसोमवर पडतो. प्रोटिअसोम बंद पाडला तर सदोष माल तुंबून पेशी मरते, आणि हा मार मायलोमाच्या पेशींना इतरांपेक्षा अधिक बसतो. बोर्टेझोमिब हे औषध याच तत्त्वावर आहे. अमेरिकेत त्याला २००३ साली मान्यता मिळाली. भारतात आज त्याची जेनेरिक रूपे उपलब्ध आहेत आणि आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना ती वापरता येतात. हातापायांना मुंग्या येणे, आग होणे हा त्याचा त्रास आहे. रुग्णाने तो सहन करत न बसता सांगितला पाहिजे, म्हणजे मात्रा बदलता येते. तसेच हे इंजेक्शन चालू असताना ग्रीन टी टाळावा. त्यातील एक घटक औषधातील बोरॉनशी जुळून औषध निष्प्रभ करतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

याच रोगावरील दुसरे औषध थॅलिडोमाइड. १९५७ साली जर्मनीत झोपेचे औषध म्हणून आलेले, दहा हजारांहून अधिक बालकांना जन्मजात व्यंग देऊन १९६१ साली मागे घेतले गेलेले, आणि तरीही कुष्ठरोगातील एका वेदनादायी प्रतिक्रियेवर गुणकारी ठरल्याने टिकून राहिलेले. ते नेमके काय करते, हे पन्नास वर्षे कोडेच होते. २०१० साली जपानी संशोधकांना आढळले की, ते सेरेब्लॉन नावाच्या लायगेजच्या घटकाला जाऊन चिकटते. त्यामुळे लायगेजची निवड बदलते आणि एरवी ज्यांना हात लागला नसता अशा प्रथिनांवर शिक्के पडू लागतात. मायलोमाच्या पेशीत जगण्यास आवश्यक प्रथिने त्यामुळे मोडली जातात. गर्भात हातपाय घडवणाऱ्या प्रथिनांवरही तोच प्रसंग ओढवतो. गुण आणि घात यांचे मूळ एकच निघाले. म्हणूनच हे औषध देताना गर्भधारणेबाबतचे नियम कितीही जाचक वाटले तरी ते शिथिल करता येत नाहीत.

साठीपुढील रुग्णाची न थांबणारी पाठदुखी, सोबत पंडुरोग आणि वाढलेले क्रिएटिनिन, असे दिसले तर रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी अवश्य मागवावी, ही आमची सहकारी डॉक्टरांना विनंती आहे. कंबरेला पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या यांत वर्ष निघून गेलेले रुग्ण आमच्यापर्यंत येतात, तेव्हा मूत्रपिंडे बरीच खराब झालेली असतात.

बोर्टेझोमिबच्या जन्मकथेत एक गंमत आहे. १९९३ साली गोल्डबर्ग यांनी ज्या कंपनीची स्थापना केली, तिचे नाव होते मायोजेनिक्स, आणि मायो म्हणजे स्नायू. त्यांना कर्करोगावर औषध शोधावयाचे नव्हतेच. आजारात रुग्णाचे स्नायू झिजतात, ते थांबवावयाचे होते. निघाले ते कर्करोगाचे औषध. स्नायूंचा प्रश्न तसाच राहिला, आणि आमच्या मते रुग्णालयाच्या दृष्टीने तोच अधिक मोठा आहे.

उपाशीपणा, ताप, जंतुसंसर्ग, कर्करोग, हालचाल बंद होणे, यांपैकी काहीही झाले तरी स्नायूंत विशिष्ट लायगेज वाढतात. त्यांतील दोन २००१ साली ओळखले गेले. ते स्नायूंच्या प्रथिनांवर शिक्के मारत सुटतात. शरीराचा हेतू चांगला असतो. संकटात यकृताला, प्रतिकारशक्तीला अमायनो आम्ले हवी असतात आणि स्नायू हे त्यांचे कोठार. पण कोठाराला तळ असतो. आपल्या भाषेत क्षय या शब्दाचा अर्थच झीज असा आहे. जंतू दिसण्यापूर्वी कित्येक शतके आपल्या वैद्यांना ही झीज दिसली होती. झारखंडमध्ये क्षयरुग्णांना औषधांसोबत शिधा देऊन झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. हालचालीचेही तसेच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस केवळ अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार कमी झाला. निरोगी माणसांची ही गत; मग न्यूमोनिया होऊन पंधरा दिवस पडलेल्या आजीबाईंची काय होत असेल?

तरीही घरून येणाऱ्या डब्यात पेज, साबुदाण्याची लापशी आणि मोसंबीचा रसच असतो. आजाऱ्याला हलके द्यावे, हा त्यामागील जिव्हाळा आम्ही जाणतो. पण या पदार्थांत प्रथिने नाहीत, म्हटले तरी चालेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने निरोगी माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. आजारी वृद्धांना १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत लागतात. पन्नास किलोच्या रुग्णाला म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. घट्ट वरण, मुगाची खिचडी, दही, दूध, पनीर, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी किंवा मासे, यांतून ती गाठता येतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे प्रमाण वेगळे असते. त्यांनी आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. याखेरीज, ज्याला शक्य आहे त्या रुग्णाला दिवसातून दोन-तीन वेळा उठवून बसवणे, भिंतीला धरून चार पावले चालवणे, हेही औषधाइतकेच महत्त्वाचे. नातेवाइकांना ते निष्ठुरपणाचे वाटते आणि बोल परिचारिकेला लागतो. यापुढे तो लागू नये म्हणून प्रत्येक वॉर्डात याविषयी मराठीत मोठ्या अक्षरांत फलक लावण्याचे आमच्या विभागाने योजले आहे.

शेवटी विश्वस्त मंडळाकडे एक मागणी. रुग्णाची झीज होत आहे की थांबली, हे कळण्याचे सर्वांत साधे साधन वजनकाटा हे आहे. परंतु ज्यांची झीज सर्वाधिक होते, ते रुग्ण आपल्या काट्यावर उभेच राहू शकत नाहीत आणि त्यांच्या केसपेपरवर वजनाची जागा कोरी राहते. बसल्या बसल्या वजन घेता येईल असे खुर्चीचे दोन काटे, एक पुरुष वॉर्डासाठी व एक स्त्री वॉर्डासाठी, येत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घालावेत. काटे आल्यावर दर सोमवारी वजने घेऊन त्यांची नोंद आमच्या विभागात ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतो, आणि पुढील वर्षीच्या अहवालात ते आकडे आपणांपुढे ठेवू.